कोच, मेंटॉर, समुपदेशक, सल्लागार: नेमकं कुणाकडे जावं?

दुधनाकाठ | सोमवार, रात्री ९:१२

राम राम मंडळी. आमच्या एकाच घरात सध्या तीन कोच शिरायलेत, म्हणून हा धागा.

पहिला धाकट्या भावाचा. तो संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत आहे. ऑपरेटर म्हणून लागला, चढत चढत यंदा प्रॉडक्शन हेड झाला. आता कंपनीने त्याला सहा महिन्यांसाठी 'एक्झिक्युटिव्ह कोच' लावून दिलाय. भावाच्या मनात पाल चुकचुकली आहे, की हे काढून टाकायच्या आधीचं नाटक असणार.

दुसरा बायकोचा. मोबाइलवर ९९ रुपयांचा वेबिनार ऐकला, 'पैशाशी मैत्री करा' छापाचा. शेवटी ४५,००० चा कोर्स निघाला आणि 'ही किंमत आज रात्री बारापर्यंतच'. ती हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. रोज त्यांचा फोन येतो.

तिसरा माझा. सेलूत कृषी सेवा केंद्र आहे. व्यापाऱ्यांच्या बैठकीत एक बिझनेस कोच आले होते. वर्षभराचा कार्यक्रम, दर महिन्याला हप्ता. 'दुकान तुमच्याशिवाय चाललं पाहिजे' म्हणाले. माझं दुकान माझ्यासकट चालंना, ही गोष्ट वेगळी. खरिपात दिलेला माल सोयाबीन विकल्यावर वसूल होतो, झाला तर.

हे तिघं एकच काम करतात का वेगवेगळं? कुणाला हो म्हणावं?

तूरडाळ | सोमवार, रात्री ९:३०

आमच्या लातुरात कोचिंग म्हटलं की पोरगं कुठल्या बॅचला आहे एवढंच विचारतेत. मोठ्या माणसाला बी कोच लागतो हे आत्ता कळूलालंय. खुर्ची टाकून बसलोय.

शेंद्रा_शिफ्ट | सोमवार, रात्री १०:०५

दादा, आधी तुमच्या भावाची धास्ती काढतो. मी शेंद्र्यात एका कंपनीत एचआरला आहे, असे कोच आम्हीही बोलावतो. ज्याला घरी बसवायचंय त्याच्यावर कंपनी सहसा हा खर्च करत नाही. ज्याच्यावर नवी जबाबदारी टाकली आणि जो ती पेलेल असं वाटतं, त्याच्यावर करते. अपवाद एकच. भावाच्या हातात आधीच 'कामगिरी सुधारणा'चं पत्र आलं असेल आणि त्यातच कोचचा उल्लेख असेल, तर शंका रास्त आहे. तसं काही नसेल तर निवांत राहू द्या.

नीट चालणाऱ्या कामात पहिली बैठक तिघांची होते. भाऊ, त्याचा साहेब आणि कोच. काय साधायचं, किती भेटी, किती दिवसांनी, आणि कंपनीला काय कळवायचं, हे तिथं ठरतं आणि कागदावर येतं. कंपनीला दोनच गोष्टी कळाव्यात: भेटी होतायत का, आणि ठरलेलं काम कुठवर आलं. आतलं बोलणं आतच. भावाने पहिल्याच भेटीत सरळ विचारावं, 'माझं बोलणं कुठपर्यंत जाणार?' कोच उत्तर देताना चाचरला, तर साहेबाबद्दल आणि घराबद्दल तोंड उघडू नये, कामापुरतं बोलावं.

आत होतं काय, ते एका प्रसंगावरून सांगतो. ज्याचा आहे त्याला विचारूनच लिहितोय, ओळख गाळून. हाही असाच हातात पाना धरून वर आलेला माणूस. कोचने विचारलं, लाइन बंद पडली की पहिला फोन कुणाला?
मला.
दुसरा?
दुसरा कशाला? मीच जातो की.
रात्रपाळीला बंद पडली तर?
तरी मीच.
मेंटेनन्सचा माणूस तेव्हा काय करतो?
हा गप्प. कोचही गप्प. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग हाच म्हणाला, 'तो माझी वाट बघत बसतो.'

कोचने 'कामं वाटून द्या' असं एकदाही सुनावलं नाही. पुढच्या भेटीपर्यंत या गड्याने स्वतःच नियम केला, की बिघाड झाला की पहिली पंधरा मिनिटं मेंटेनन्सची, मला फोन त्यानंतर. पहिल्या आठवड्यात त्याला झोप लागली नाही. हा नियम आम्ही तीन ट्रेनिंगांत सांगितला होता, तेव्हा त्याने मान डोलावली होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाना उचलला होता.

दुधनाकाठ | सोमवार, रात्री १०:२०

भावाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, 'हे माझंच लिहिलंय का?' पण एक कळंना. कोच सांगत काहीच नाही, नुसतं विचारतो. मग पैसे कशाचे घेतो?

बालाघाटी | सोमवार, रात्री १०:४४

बरोबर नस पकडली. आमच्याकडं हे काम चुलता करायचा, मास्तर करायचे, पारावरचा एखादा म्हातारा करायचा. फुकट. वर चहा पाजायचा. आता पोरं शहरात गेली, चुलत्याशी बोलणं बंद झालं आणि तासावर पैसे मोजून कुणालातरी आपलं ऐकायला बसवायलेत. पैसेवाल्यांचं खूळ आहे, दुसरं काय.

शेतीशाळा_भाऊ | मंगळवार, सकाळी ७:१५

बालाघाटी, चुलता ऐकायचा कमी आणि सांगायचा जास्त. आणि त्याने सांगितलेलं ऐकलं नाही तर दिवाळीपर्यंत रुसून बसायचा. हा फरक लहान नाही.

मी कृषी खात्यातून निवृत्त झालो. कापसाच्या शेतीशाळा घेतल्यात, त्यामुळं मला कोचचं काम चटकन उमगतं. शेतीशाळा ही पद्धत अन्न व कृषी संघटनेने १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांसाठी सुरू केली. आपल्याकडं कापूस, सोयाबीनला ती आली. तिचा नियम असा, की प्रशिक्षकाने फवारणीचं नाव काढायचं नाही. शेतकऱ्यांनी रानात जाऊन झाडं बघायची, पात्या-बोंडं तपासायची, किडी मोजायच्या, मित्रकिडीही मोजायच्या. झाडाखाली बसून मोठ्या कागदावर झाडाचं चित्र काढायचं, एका बाजूला शत्रू, दुसऱ्या बाजूला मित्र. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा) गुलाबी बोंडअळीचे पतंग किती? एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ सापडले तर नुकसानीची पातळी ओलांडली. आता तुम्हीच ठरवा, फवारायचं का नाही.

पहिल्या दोन शाळांना लोक चिडायचे. 'साहेब, औषध सांगा अन् मोकळे व्हा.' औषध सांगायला दुकानदार होताच (दुधनाकाठ, माफ करा). पण ज्याने स्वतः मोजून निर्णय घेतला, त्याने पुढच्या हंगामात मला न विचारता घेतला. कोचला पैसे मिळतात ते या कामाचे: माणसाला त्याच्याच रानात नेऊन मोजायला लावण्याचे.

कोच मंडळींची 'ग्रो' नावाची पद्धत सगळ्यात जास्त ऐकू येते, तीही हीच वाट चालते. काय साधायचंय, आत्ता खरी परिस्थिती काय, वाटा कोणत्या, आणि यातलं काय, कधी करणार. ही पद्धत पसरवली ती इंग्लंडच्या जॉन व्हिटमोर यांनी. हा माणूस आधी मोटार शर्यतींत गाड्या पळवायचा. त्यांच्याही आधी १९७० च्या दशकात अमेरिकेत टिमोथी गॅलवे नावाच्या टेनिस शिक्षकाच्या ध्यानात आलं, की खेळाडूला 'मनगट असं धर' सांगण्यापेक्षा 'चेंडू कुठं टप्पा खातो ते बघ' म्हटलं तर तो लवकर सुधारतो. कचेऱ्यांतलं कोचिंग मैदानावरून आलंय ते असं.

तूरडाळ | मंगळवार, सकाळी ८:०२

मैदानावरचा कोच तर ओरडतो राव.

शेतीशाळा_भाऊ | मंगळवार, सकाळी ८:४०

ओरडतो, आणि त्याला शिकवायचंही असतं. तो प्रकार वेगळा. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. सैन्यात क्रॉसकंट्री पळायचा. लष्करातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडं, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीकडं वळवलं, आणि २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पोराने रौप्य आणलं. तिथं प्रशिक्षकाची नजर आणि ज्ञान दोन्ही लागतं. उलट खेळाडूंची मानसिक तयारी करून घेणारे पॅडी अपटन बघा. २०११ चा विश्वचषक जिंकणाऱ्या आपल्या क्रिकेट संघाबरोबर ते होते, २०२४ च्या जागतिक बुद्धिबळ लढतीआधी गुकेशबरोबर होते. आता गुकेशला बुद्धिबळाची चाल अपटन थोडेच सांगणार? त्याची तयारी, झोप, दडपण, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पटावर कसं बसायचं, यावर काम. दोघांनाही कोचच म्हणतात, पण दोघांकडून घ्यायचं ते वेगळं.

मनमोकळी_नांदेड | मंगळवार, दुपारी १:३०

मी समुपदेशन करते, म्हणून लाइफ कोच या प्रकारावर लिहिते. यात सगळ्यात जास्त गोंधळ आहे आणि नुकसानही इथंच होतं.

लाइफ कोचचं काम मर्यादित असलं तर चांगलं असतं. नोकरी सोडून गावी यायचंय पण ठरत नाही, निवृत्तीनंतर दिवस कसा घालवायचा सुचत नाही, मुलं शिकायला गेली आणि घर खायला उठतं, लग्न मोडल्यावर पुन्हा घडी बसवायची आहे. माणूस मुळात ठीक आहे, फक्त अडकलाय. अशा वेळी कुणीतरी आठवड्याला प्रश्न विचारणारं, आणि ठरवलेलं केलं का हे न रागावता तपासणारं असलं तर फरक पडतो.

पण माझ्याकडे येणाऱ्यांतले काही जण आधी कोचकडे जाऊन आलेले असतात, आणि त्यांचा आजार तिथे 'निगेटिव्ह विचार' म्हणून खपलेला असतो. एका बाईंना पहाटे पाचला उठून आरशासमोर स्वतःचं कौतुक करायला सांगितलं होतं. त्या मुळात झोपतच नव्हत्या. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, कशातच रस नसेल, कारण नसताना छाती धडधडून जीव घाबरा होत असेल, दारू हाताबाहेर गेली असेल, किंवा जगून काय करायचं असं मनात येत असेल, तर ते कोचचं काम नाही. चांगला कोच हे पहिल्या भेटीत ओळखतो आणि पुढे पाठवतो.

पुढे म्हणजे कुठे? औषध लिहिणारा मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, नोंदणी क्रमांक मागा. कोचला मात्र आपल्या देशात कुठलाही परवाना लागत नाही. मी उद्या दारावर 'लाइफ कोच' पाटी लावली तर मला कुणी अडवणार नाही. पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. आणि टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीतून बोलता येतं. आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत हा आकडा दुकानाच्या भिंतीवर लावावा असं मला वाटतं. दुधनाकाठ, तुमच्या दुकानात तर नक्कीच.

दुधनाकाठ | मंगळवार, दुपारी २:१०

लावतो ताई. काउंटरच्या मागं, कीटकनाशकाच्या कपाटाशेजारीच लावतो.

औंढ्याची_लेक | मंगळवार, संध्याकाळी ६:२५

मला एक विचारायचंय. वहिनींनी तो वेबिनार का ऐकला हे कुणी विचारलंच नाही. सगळे मिळून 'बायको फसतेय' धरून चाललेत. दादा, त्यांना काय पाहिजे?

दुधनाकाठ | मंगळवार, रात्री ८:५०

विचारलं. बरंच बोलली. लग्नाआधी तिचं बीकॉम झालंय. दुकानाचं वहीखातं तीच बघते, जीएसटीचे कागद तीच जमवते, पण दुकान माझ्या नावावर आणि हातात पैसा माझ्या. तिला स्वतःचं काहीतरी करायचंय. वेबिनारवाली बाई म्हणाली, 'तुम्ही घरात दिसत नाही', तेव्हा हिच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. मला हे माहीत नव्हतं.

औंढ्याची_लेक | मंगळवार, रात्री ९:०५

आता बघा, त्या बाईने दुखणं बरोबर ओळखलं. विकायचं कौशल्य त्यातच आहे. पण ४५,००० देऊन वहिनींना मिळणार काय? रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि दीडशे बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. याला कोचिंग म्हणत नाहीत. कोचिंग एकास एक असतं किंवा लहान गटात, आणि बोलणं तुमच्या गोष्टीवर होतं. तीन तास एकच माणूस बोलतोय, टाळ्या घ्यायलाय, रात्री बारापर्यंत घाई करायलाय, तर तो वक्ता आहे नाहीतर विक्रेता. वक्त्याचं भाषण ऐकावं, बरं वाटतं, चार दिवस अंगात वारं राहतं. त्याला ४५,००० द्यायचे नसतात.

वहिनींना गरज दिसते ती मेंटॉरची. म्हणजे जी त्या वाटेने आधी गेलीय अशी बाई. टॅक्स आणि हिशोबाचं काम करणारी एखादी सेलू-परभणीत असेलच. महिन्यातून एकदा तिच्याकडे बसायचं. ती आपला अनुभव सांगेल, चार गिऱ्हाइकं जोडून देईल, कुठं पैसे बुडतात तेही सांगेल. कोचला तुमचा धंदा ठाऊक नसला तरी चालतं. मेंटॉरला ठाऊक असावाच लागतो. उद्योग सुरू करायचं प्रशिक्षण हवं असेल तर महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं मुख्यालय आपल्याच संभाजीनगरला आहे. बचत गटात असतील तर उमेदच्या, म्हणजे बचत गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या, तालुका कक्षात जावं.

रोलिंगमिल | मंगळवार, रात्री १०:३०

'पैशाशी मैत्री' वाल्यांबद्दल एक भर. मनी कोच तुम्हाला खर्च लिहायची, बचतीची सवय लावत असेल तर हरकत नाही. पण पैसे घेऊन 'या शेअरमध्ये टाका, त्या फंडात टाका' सांगायला लागला, की तो गुंतवणूक सल्लागार झाला, आणि २०१३ च्या नियमांप्रमाणे त्याला सेबीची नोंदणी लागते. क्रमांक विचारा. सेबीच्या संकेतस्थळावर यादी आहे, दोन मिनिटांत कळतं.

आता दुधनाकाठच्या तिसऱ्या कोचकडं वळतो, कारण जालन्यात मी हे पुष्कळ बघितलंय. बिझनेस कोच म्हणून येणाऱ्यांत तीन जाती असतात. एक खरा कोच, जो मालकाच्या डोक्यावर काम करतो. मालक माणसं का टिकवू शकत नाही, 'नाही' का म्हणू शकत नाही, पोराला गल्ल्यावर का बसू देत नाही. दुसरा सल्लागार, जो धंद्यावर काम करतो. भट्टीचं वीजबिल, कच्च्या मालाचा साठा, उधारीचं धोरण. त्याला आकडे लागतात, तो अहवाल देतो, उत्तर त्याचं असतं आणि चुकलं तर जाबही त्यालाच विचारायचा. तिसरा फ्रँचायझी घेतलेला. त्याच्याकडं कुठल्यातरी परदेशी कार्यक्रमाच्या फायली असतात, त्या तो जालन्यातल्या सळईवाल्याला आणि सेलूतल्या खतवाल्याला सारख्याच शिकवतो. 'दुकान तुमच्याशिवाय चाललं पाहिजे' हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलंय, शब्दही तेच.

तुमचा प्रश्न उधारीचा आहे. त्यात दोन भाग आहेत. उधारी कुणाला, किती, कुठल्या महिन्यापर्यंत, व्याज धरायचं का, ही पद्धत बसवायला सल्लागार किंवा चांगला सीए पुरे. चार बैठका, एकदाच फी. पण पद्धत बसल्यावरही पाव्हणा समोर आला की तुम्ही पोतं उचलून देणार असाल, तर तिथं सल्लागार काही करू शकत नाही. तो भाग कोचचा. आधी ठरवा, तुमचं कुठं अडतंय.

कारखानदारांनी हेही वाचावं. उत्पादन करणाऱ्या लहान उद्योगांसाठी केंद्राची लीन (कामातली नासाडी कमी करायची) योजना आहे, २०२३ मध्ये नव्याने आली. उद्यम नोंदणी लागते, आणि सल्लागाराच्या फीचा ९० टक्के भाग सरकार उचलतं. वाळूज-चिकलठाण्याच्या लोकांना मासिआ किंवा सीएमआयए या उद्योजक संघटनांच्या ऑफिसात याची माहिती मिळते. एवढं असताना लोक कोचला लाखांत पैसे देतात आणि शॉपफ्लोअर तसाच पसरलेला.

दुधनाकाठ | मंगळवार, रात्री ११:००

पोतं उचलून देणार असाल... तुम्ही दुकानात येऊन बसला होता का काय?

पद्धत आहे माझ्याकडं. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली आहे, बायकोच्या अक्षरात.

अभ्यासिका_रात्रपाळी | बुधवार, पहाटे ३:२०

मध्येच घुसतो. संभाजीनगरला एमपीएससी करायलो, पूर्व निघते, मुख्य निघत नाही. आता राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक झाली. घरचे म्हणतात, बस कर. मित्र म्हणतो, करिअर कोच बघ. करिअर कोच म्हणजे कल कळायची चाचणी घेणारे का? ती दहावीला दिली होती, 'फाइन आर्ट्स' आलं होतं.

मनमोकळी_नांदेड | बुधवार, सकाळी ९:४५

नाही. कल चाचणी घेणारा तो करिअर समुपदेशक, त्याचा उपयोग दहावी-बारावीला. करिअर कोच वेगळा. तो तुम्हाला चालू ठेवा म्हणणार नाही आणि सोडा म्हणणार नाही. खुल्या गटाला वयाची अट ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ आहे, त्यामुळे आयोग तुम्हाला इतक्यात बाहेर काढणार नाही. थांबायचं का, आणि कधी, हे तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि बहुतेकांना तेच जड जातं. कोच विचारेल, कुठल्या निकालानंतर थांबायचं ते आज लिहून देशील का? थांबल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी काय करशील? पेपरात कुठं मार्क जातात हा प्रश्न असेल, तर तो विषय शिकवणाऱ्याचा आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या मोफत प्रशिक्षणाला अर्ज केला नसेल तर आधी तो करा. जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्रातही एकदा जाऊन या, फी लागत नाही.

आणि पहाटे ३:२० ला जागे का होतात? अभ्यास होता का झोप येत नव्हती? दुसरं असेल तर मी वर दिलेला क्रमांक बघा. खरंच लावा.

अभ्यासिका_रात्रपाळी | बुधवार, सकाळी १०:३०

दोन्ही. लावतो.

तूरडाळ | बुधवार, सकाळी ११:१५

आमच्या मेव्हण्याने हेल्थ कोच लावलाय, शुगरसाठी. भाकरी बंद करून पावडर द्यायलाय.

मनमोकळी_नांदेड | बुधवार, सकाळी ११:४०

पावडर विकणारा कोच नव्हे. हेल्थ कोचने डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञाने ठरवून दिलेलं अंगवळणी पडायला मदत करायची: चालणं, जेवणाच्या वेळा, गोळी न चुकवणं. शुगरची गोळी कमी-जास्त करायचा अधिकार त्याला नाही. मेव्हण्याला आधी डॉक्टरांकडे पाठवा.

बीडवकील | बुधवार, दुपारी ४:१०

पैसे भरून बसलेल्यांसाठी लिहितो, कारण असे लोक हा धागा वाचत असणारच. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही वगैरे. त्या लाइफ कोचला लागू होतील असं समजू नका. त्या विद्यार्थ्यांच्या शिकवणीसाठी आहेत आणि समुपदेशन, खेळ, नृत्य त्यांतून वगळलेलं आहे.

तुमच्या हातातलं हत्यार म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. 'शंभर टक्के रिझल्ट', 'पैसे परत' असं जाहिरातीत म्हणून नंतर हात वर केले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. कोच मुंबईत किंवा बेंगळुरूत असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करा. वेबिनारचं रेकॉर्डिंग, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, पैसे दिल्याची पावती जपून ठेवा. 'मॅडम, आज रात्री बारापर्यंतच' हा मेसेज तर आवर्जून.

बिझनेस कोचिंगला मात्र एक पाचर आहे. धंद्यासाठी घेतलेली सेवा 'व्यावसायिक हेतू'ची म्हणून समोरचा वकील आडवा येतो. म्हणून दुधनाकाठ, सही करायच्या आधी करार वाचा. किती बैठका, कोण घेणार (भाषण देणारे स्वतः की त्यांचा चेला), मधेच सोडलं तर किती पैसे परत, आणि दुकानाचे आकडे कुणाला दाखवणार. वर्षाचे पैसे एकदम भरू नका. बिल मागा. जीएसटी लावला असेल तर नोंदणी क्रमांकही तपासा, तुमच्या घरात ते बघणारं माणूस आहेच.

बालाघाटी | बुधवार, संध्याकाळी ७:००

खूळ म्हणालो होतो, ते एक्झिक्युटिव्हवाल्यापुरतं मागं घेतो. बाकीच्यांचं तसंच ठेवतो. पण खरा कोच ओळखायचा कसा? परवाना नाही, पाटी कुणीही लावतो.

शेंद्रा_शिफ्ट | बुधवार, रात्री ८:१५

परवाना नाही, पण प्रमाणपत्रं आहेत. सगळ्यात जास्त चालतं ते इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं, आयसीएफ. अमेरिकेत १९९५ ला सुरू झालेली संस्था. तिच्या तीन पायऱ्या: एसीसी, पीसीसी, एमसीसी. एसीसीला किमान ६० तासांचं शिक्षण आणि प्रत्यक्ष लोकांना कोचिंग केल्याचे १०० तास. पीसीसीला १२५ आणि ५००. एमसीसीला २०० आणि २,५००. दर तीन वर्षांनी नूतनीकरण. नाव टाकून त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतं. आम्ही कंपनीत पीसीसीच्या खाली सहसा घेत नाही. पण मी असाही एक कोच बघितलाय ज्याच्याकडं सगळे कागद होते आणि तासभर तोच बोलत होता. म्हणून पैसे भरायच्या आधी ओळखीची एक भेट मागतो, बहुतेक जण ती फुकट देतात. त्या भेटीत कोण जास्त बोललं एवढं बघायचं. 'तीन दिवसांत प्रमाणित मास्टर कोच' असं कार्ड दिसलं तर चहा पिऊन उठायचं.

टीम कोच, पॅरेंटिंग कोच, रिलेशनशिप कोच, नावं रोज नवी निघतात. टीम कोच तेवढा वेगळा, कारण तिथं अख्खा विभाग एका खोलीत बसतो आणि भांडण समोर येतं. बाकीच्यांना वरचीच फूटपट्टी लावा.

तूरडाळ | बुधवार, रात्री ८:४०

हे वाचून मलाच कोच व्हावं वाटूलालंय. साठ तासांचं शिक्षण करून टाकू का?

शेंद्रा_शिफ्ट | बुधवार, रात्री ८:५२

करा की. पण साठ तास सोपे, पुढचे शंभर अवघड, आणि त्यांतले पंचाहत्तर तास पैसे घेऊन करायचे असतात. वर दहा तास मेंटॉर कोचसमोर, तो तुमचं बोलणं ऐकून चुका काढणार. मग संस्थेची परीक्षा.

तूरडाळ | बुधवार, रात्री ८:५५

म्हणजे पंचाहत्तर तास लातूरकराने दुसऱ्या लातूरकराला सल्ला द्यायचा नाही, आणि वर त्याच्याकडून पैसे घ्यायचे?

शेंद्रा_शिफ्ट | बुधवार, रात्री ८:५६

हो.

तूरडाळ | बुधवार, रात्री ८:५८

डाळ मिलच बरी.

दुधनाकाठ | बुधवार, रात्री १०:१०

भावाची पहिली बैठक पुढच्या आठवड्यात आहे, 'माझं बोलणं कुठपर्यंत जाणार' हे त्याने मोबाइलमध्ये लिहून ठेवलंय. बिझनेस कोचला करारातले चारही प्रश्न व्हॉट्सॲपवर पाठवले. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. औंढ्याची लेक, परभणीत हिशोबाचं काम करणारी कुणी बाई ओळखीची असेल तर बायकोला निरोपात कळवा, तिने आत्ताच इथं खातं काढलंय. वेबिनारवाल्यांचा नंबर तिने स्वतःच ब्लॉक केला. आणि उधारीची यादी आजपासून तिच्याकडं आहे, पोतं उचलायच्या आधी तिला विचारायचं असं ठरलंय.

औंढ्याची_लेक | बुधवार, रात्री १०:१८

आहे एक, जिंतूर रोडला. निरोप पाठवते. आणि दादा, उधारीची यादी सांभाळायचा पगार ठरवा.